प्रवेश मोजला, पदवी कोण मोजणार?

दहावी-बारावीचे निकाल लागले की घाटकोपर, विक्रोळी, मुलुंडपासून थेट बोरिवली-मागाठाण्यापर्यंत आपल्या विहारांमध्ये गुणवंत विद्यार्थ्यांचे सत्कार सुरू होतात. त्रिशरण-पंचशील होते, पाहुण्यांचे भाषण लांबते, मुलांना वह्या, पेन आणि बाबासाहेबांचे एखादे पुस्तक मिळते आणि मागच्या रांगेत बसलेली आई पदराने डोळे टिपते. मी स्वतः अशाच एका सत्कारात मिळालेली बॅग कॉलेजची तीन वर्षे वापरली आहे, त्यामुळे या कार्यक्रमांची टिंगल मी करणार नाही. पण मागच्या वर्षी आमच्या अभ्यासिकेचे कपाट आवरताना तीन वर्षांपूर्वीच्या बारावीच्या सत्काराची यादी हाती लागली. त्या मुलांची पदवी आता पूर्ण झालेली असायला हवी होती. आम्ही दोघी-तिघींनी संध्याकाळी बसून एकेकाला फोन लावले. कोणाच्या पहिल्या वर्षाच्या केटी अजून बाकी, कोणी दुसऱ्या वर्षाला फी न भरल्याने परीक्षेलाच बसले नाही, दोघे सामान पोहोचवण्याच्या कामावर, एका मुलीचे लग्न झालेले. वेळेत पदवी हातात घेतलेले होते, पण यादीच्या निम्म्याहून कमी. ज्यांच्याकडे पदवी होती त्यांतही पहिला वर्ग मोजकाच.

एका वस्तीतली एक यादी म्हणजे संशोधन नव्हे. तरीही त्या संध्याकाळपासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. आपण समाज म्हणून आणि सरकार म्हणून जे मोजतो ते प्रवेशद्वारावर मोजतो. आत गेलेला मुलगा कोणत्या दाराने, किती वर्षांनी, कोणता वर्ग घेऊन बाहेर पडला हे कोण मोजते?

२०११ च्या जनगणनेत देशातल्या सुमारे ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाखांहून अधिक महाराष्ट्रात होते, आणि बौद्धांचा साक्षरता दर ८१.३ टक्के होता. देशाचा सुमारे ७३ टक्के. धर्मांतराच्या पिढीने पोटाला चिमटा घेऊन मुले शिकवली त्याचे हे फळ. हा आकडा आपण भाषणांत अभिमानाने सांगतो आणि सांगावाच. पण साक्षरतेची शिडी जिथे संपते तिथून पुढची शिडी वेगळ्या लाकडाची आहे. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाच्या २०२१-२२ च्या अहवालानुसार देशातल्या ४.३३ कोटी विद्यार्थ्यांपैकी अनुसूचित जातींचे ६६.२३ लाख, म्हणजे १५.३ टक्के. लोकसंख्येतला वाटा १६.६ टक्के. उच्च शिक्षणातले स्थूल नोंदणी प्रमाण सगळ्यांचे मिळून २८.४ आणि अनुसूचित जातींचे २५.९. वरवर पाहता दरी मिटत आली असे वाटेल. आता त्याच सर्वेक्षण मालिकेत फळ्यासमोर उभे कोण हे पाहा. महाविद्यालये आणि विद्यापीठांतल्या शिक्षकांमध्ये अनुसूचित जातींचा वाटा ९ टक्क्यांच्या आसपास. बाकावर पंधरा, फळ्यासमोर नऊ. मधले सहा कुठे गळाले याचा हिशोब या अहवालात नाही.

आणखी एक गोष्ट. या सर्वेक्षणात अल्पसंख्याकांचे रकाने दोनच: मुस्लिम आणि इतर अल्पसंख्याक. बौद्ध विद्यार्थी अनुसूचित जातीत मोजला जातो, ‘इतर’ मध्ये मोजला जातो, किंवा दोन्हीकडे. बौद्ध म्हणून आपली उच्च शिक्षणात नेमकी काय अवस्था आहे, हे सांगणारा आकडा वर्षाकाठी बाहेर येत नाही. जो समाज मोजला जात नाही त्याच्याबद्दल वाटेल ते बोलता येते. ‘यांचेच सगळीकडे’ असेही आणि ‘यांची गुणवत्ताच नाही’ असेही, बऱ्याचदा एकाच तोंडाने.

बाबासाहेबांनी ही मोजणी केली होती. १९२७ साली मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी प्रांतातल्या लोकसंख्येचे चार गट समोर ठेवले आणि प्रत्येकाचा लोकसंख्येतला क्रम आणि प्राथमिक, माध्यमिक, महाविद्यालयीन शिक्षणातला क्रम शेजारी शेजारी मांडला. पुढारलेले हिंदू लोकसंख्येत चौथे आणि शिक्षणाच्या प्रत्येक पायरीवर पहिले. मागासवर्ग लोकसंख्येत दुसरा आणि प्रत्येक पायरीवर शेवटचा. त्यात आरडाओरडा नाही, एक तक्ता आहे. आज शंभर वर्षे व्हायला आली तरी त्या पद्धतीचा तक्ता आपल्या उपनगरातल्या एकाही महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर मी पाहिलेला नाही. एफ.वाय.ला कोणत्या प्रवर्गाचे किती आले, टी.वाय. किती उत्तीर्ण झाले, किती जणांना पहिला वर्ग मिळाला. ही माहिती कार्यालयातल्या संगणकात असते. परीक्षा अर्जावर प्रवर्ग लिहिलेला असतो, निकालही तिथेच असतो. दोन्ही जोडायला एक दुपार पुरेल.

इंग्लंडमध्ये हे होते. तिथल्या विद्यापीठांत गोऱ्या आणि कृष्णवर्णीय व आशियाई विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या वरच्या श्रेणीच्या पदव्यांतला फरक वर्षानुवर्षे जाहीर होतो. २०१९ मध्ये विद्यापीठांच्या आणि विद्यार्थ्यांच्या राष्ट्रीय संघटनांनी मिळून काढलेल्या अहवालात तो १३ टक्क्यांच्या आसपास होता. सारख्या गुणांनी प्रवेश घेतलेल्यांमध्येही फरक उरतो, तेव्हा दोष मुलांच्या पूर्वतयारीचा एवढेच म्हणून सुटता येत नाही, हे तिथे हळूहळू मान्य झाले. मग शब्दही बदलला. ‘मुलांनी कमी मिळवले’ असे म्हणण्याऐवजी ‘संस्थेने कमी दिले’ असा अर्थ निघेल असा शब्द वापरात आला. शिक्षक प्रशिक्षणाबद्दलही २०२२ मध्ये तिथल्या राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन प्रतिष्ठानने दाखवले की अल्पसंख्याक वंशांचे उमेदवार अर्ज भरपूर करतात, पण निवड होण्याचे प्रमाण गोऱ्या उमेदवारांपेक्षा कमी. इंग्लंड काही बुद्धभूमी नव्हे, तिथेही दरी आहेच. पण ती आकड्यात दिसते, म्हणून तिच्याबद्दल संस्थेला जाब विचारता येतो.

आपल्याकडे उलटे. पवईच्या आयआयटीत १२ फेब्रुवारी २०२३ रोजी दर्शन सोलंकी गेला, अठरा वर्षांचा, पहिल्या वर्षाचा. संस्थेच्या चौकशी समितीने थेट जातिभेदाचा विशिष्ट पुरावा नाही म्हटले आणि खालावलेल्या शैक्षणिक कामगिरीकडे बोट दाखवले. त्या प्रकरणात कायद्याने काय ठरेल ते ठरेल. मला खटकते ते वेगळेच. जात एकीकडे आणि ‘शैक्षणिक कामगिरी’ दुसरीकडे, जणू दोन स्वतंत्र खोल्या. समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवतात की या दोन खोल्यांच्या मधली भिंत कागदाची असते.

आता उपनगरातल्या महाविद्यालयांचे पाहू. अंधेरी, विलेपार्ले, घाटकोपर, मुलुंड भागातल्या कितीतरी नामांकित महाविद्यालयांना भाषिक अल्पसंख्याक दर्जा आहे. घटनेच्या कलम १५(५) ने अल्पसंख्याक संस्था मागासवर्गीयांच्या प्रवेश-आरक्षणातून वगळल्या आहेत. २०२५ मध्ये राज्य सरकारने अकरावीच्या प्रवेशात या संस्थांच्या रिकाम्या राहणाऱ्या अल्पसंख्याक कोट्यातील जागांना सामाजिक आरक्षण लावू पाहिले, तेव्हा जूनमध्ये उच्च न्यायालयाने त्याला अंतरिम स्थगिती दिली. घटनेचा मुद्दा म्हणून न्यायालयाचे म्हणणे समजू शकते. पण त्याचा रस्त्यावरचा अर्थ असा की घरापासून चालत जाता येईल अशा चांगल्या कॉलेजात आपल्या मुलीला आरक्षणाने जागा नाही, आणि जिथे जागा आहे तिथे जायला दोन लोकल बदलाव्या लागतात. (बौद्धही १९९३ पासून केंद्राच्या यादीत अधिसूचित धार्मिक अल्पसंख्याक आहेत. या दर्जावर उपनगरात आपली किती दर्जेदार महाविद्यालये उभी राहिली, हा प्रश्न आपण आपल्यालाच विचारायचा. बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि पुढच्याच वर्षी सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. त्यानंतरचा हिशोब फारसा सुखाचा नाही.)

आत गेल्यावर अंतर्गत गुण. नव्या शैक्षणिक धोरणात त्यांचा वाटा वाढला, अनेक विषयांत शंभरातले ४० अंतर्गत. प्रकल्प, सादरीकरण, उपस्थिती, वर्गातला सहभाग. ज्याला सकाळच्या कॉलेजनंतर दुपारी मॉलमध्ये उभे राहायचे आहे त्याची उपस्थिती कापली जाते. ज्याच्या घरी दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे आहेत त्याचा प्रकल्प मोबाईलवर होतो. लेखी परीक्षेत कागदावर नाव नसते, अंतर्गत गुण देणाऱ्याला मात्र चेहरा, आडनाव, बोलणे, सगळे माहीत असते. अंतर्गत मूल्यमापन वाईटच असे मी म्हणत नाही, पाठांतरापेक्षा ते बरे. पण त्याचे प्रवर्गनिहाय आकडे जाहीर होणार नसतील तर ते बरे आहे हे विश्वासावर घ्यायचे का?

शिक्षक होण्याची वाट मी मुद्दाम वेगळी काढते, कारण आपल्या समाजाच्या वर येण्याची ती मुख्य वाट होती. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शाळांतले बहुतेक मास्तर ब्राह्मण असल्याकडे लक्ष वेधले आणि मास्तर शक्यतो शेतकरी वर्गांतून निवडावेत, त्यांना प्रशिक्षण द्यावे, पगार नीट द्यावा असे मागितले. शिकवणारा मुलांत मिसळणारा हवा, एवढे साधे त्यांचे म्हणणे. स्वातंत्र्यानंतर ते निदान अंशतः खरे झाले ते डी.एड.मुळे. बारावीनंतर दोन वर्षे, खर्च आवाक्यातला, आणि पुढे जिल्हा परिषदेची किंवा महापालिकेची नोकरी जवळजवळ पक्की. माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांत पहिला पगारदार माणूस गुरुजी किंवा बाई होता. चाळीतून फ्लॅटमध्ये जाणारे पहिले घर त्यांचेच, आणि वस्तीतल्या पोरांचे अर्ज भरून देणारेही तेच.

ही शिडी २०१२ साली काढून घेतली गेली. त्याआधीच्या दहा वर्षांत गल्लोगल्ली डी.एड. कॉलेजे निघाली होती, लाखाच्या देणग्या घेऊन. मग २०११ ची पटपडताळणी, हजारो बोगस पट उघडे पडले आणि मे २०१२ मध्ये शिक्षक भरती थांबवण्यात आली. पट फुगवले संस्थाचालकांनी, भरती थांबली डी.एड. झालेल्या पोरांची. डिसेंबर २०१३ पासून राज्यात शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, आली. १५० पैकी खुल्या प्रवर्गाला ६० टक्के, राखीवला ५५. शिवाय २०१७ पासून अभियोग्यता चाचणी, ‘टेट’ म्हणतात ती, २०० गुणांची. तिच्याच गुणांवर ‘पवित्र’ पोर्टलवर यादी लागते.

इथे मी थोडी अप्रिय बाजू घेते. ‘पवित्र’ पोर्टलची आपल्या चळवळीत सरसकट निंदा होते, पण ती मला पटत नाही. अनुदानित शाळेत शिक्षक व्हायचे तर संस्थाचालकाला काही लाख मोजायचे, ही रीत त्याआधी होती. ज्याच्याकडे विकायला जमीन नाही त्याला ती वाट बंदच होती. संगणकावरच्या परीक्षेला आडनाव कळत नाही, हे आपल्या फायद्याचे आहे. दोष चाचणीत नाही, दोष काळात आहे. पहिली अभियोग्यता चाचणी डिसेंबर २०१७ ची, दुसरी थेट २०२३ ची. मधली पाच वर्षे उमेदवाराने काय खायचे? ज्याच्या बापाची पेन्शन आहे तो थांबला, पुण्यात राहून क्लास लावून बसला. आपली पोरगी थांबू शकत नाही. ती एखाद्या लहान इंग्रजी शाळेत तुटपुंज्या पगारावर लागते किंवा ते क्षेत्रच सोडते. आणि निवड झाली तरी पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक. हे मानधन २०२३ मध्ये प्राथमिकला ६ हजारांवरून १६ हजारांवर नेले. मुंबईत १६ हजारांत भाडे आणि रेल्वेचा पास गेला की काय उरते ते सांगायला नको. त्यात टीईटीतला घोटाळा. २०२१ च्या अखेरीस परीक्षा परिषदेच्या आयुक्तांना अटक झाली आणि साडेसात हजारांहून अधिक उमेदवार पैसे देऊन पात्र झाल्याचे निघाले. जे पैसे न देता नापास झाले होते त्यांची कोणी माफी मागितली नाही.

बी.एड.चे आणखी वेगळे. २०१५ पासून ते दोन वर्षांचे झाले. प्रशिक्षण चांगले व्हावे हा हेतू योग्य, पण दुसरे वर्ष म्हणजे दुसऱ्या वर्षाची फी आणि दुसऱ्या वर्षाची बुडालेली कमाई. त्यात वीस आठवडे शाळेत इंटर्नशिप, बिनपगारी, भर दिवसा. अर्धवेळ काम करून शिकणे तिथे संपते. मग ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की बी.एड. वाले प्राथमिकच्या शिक्षकपदाला पात्र नाहीत. शिक्षणशास्त्र म्हणून निर्णय बरोबर आहे, सहा वर्षांच्या मुलाला शिकवणे हे वेगळे कौशल्य आहे. पण अर्ध्या वाटेवर असलेल्यांसाठी नियम पुन्हा बदलला, आणि नियम बदलतात तेव्हा ज्यांच्याकडे दुसरा डाव खेळायला पैसे नसतात ते आधी बाहेर जातात.

आमच्या अभ्यासिकेतली एक मुलगी बी.एड.ला मराठी अध्यापन पद्धती घेऊन शिकत होती. कविता शिकवण्याचा पाठ तिने उत्तम घेतला, मुले हसत-खेळत शिकली, हे निरीक्षण करणाऱ्या बाईंनीही लिहिले. गुण मात्र कापले, कारण तिने तीनदा ‘पानी’ म्हटले. शेरा होता: उच्चार अशुद्ध. घरी येऊन ती आरशासमोर ‘पाणी, लोणी, आणि’ म्हणत बसली. पुढच्या पाठाला ती इतकी जपून बोलली की पाठ मेला. मी हे लिहिताना प्रमाण मराठीच लिहिते आहे, तेव्हा प्रमाण भाषा नकोच असे म्हणण्याचा ढोंगीपणा करणार नाही. शिक्षिकेला ती यायला हवी. पण कोकणातल्या, वऱ्हाडातल्या, मराठवाड्यातल्या घरांतून आलेली मुलेच ज्या पालिका शाळेत समोर बसणार आहेत, तिथे त्यांची बोली कळणारी बाई ही जमेची बाजू धरायची की वजाबाकीची? फुल्यांनी १८८२ मध्ये याचे उत्तर दिले होते. शेरा लिहिणाऱ्या बाईंना मात्र तो प्रश्नच माहीत नव्हता. त्या वाईट नव्हत्या. त्यांच्या प्रशिक्षणात कोणी सांगितलेच नव्हते.

कागदाचा जाच तर वेगळाच. राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते आणि अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा व जातीचा पुरावा. पणजोबा रत्नागिरीत किंवा साताऱ्यात, शाळेची पायरी न चढलेले. ज्याला जातीमुळे शाळेत घेतले नाही त्याच्या जातीचा शाळेतला पुरावा आणा, असे आपण त्याच्या पणतीला सांगतो! त्यात आजोबांच्या दाखल्यावर ‘हिंदू महार’, वडिलांच्या दाखल्यावर ‘बौद्ध’, मुलीच्या दाखल्यावर ‘नवबौद्ध’. १९५६ च्या दीक्षेनंतर राज्याने बौद्धांना सवलती दिल्या, केंद्राने मात्र १९९० मध्ये अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश केला. त्या तीन तपांचा गोंधळ आजही दाखल्यांवर उमटलेला आहे. प्रवेशाच्या ऐन तारखेला एक अक्षर जुळले नाही म्हणून खुल्या प्रवर्गातून फी भरणारी घरे मी पाहिली आहेत. म्हणून माझा आग्रह असतो: दहावीच्या सुट्टीतच गावी जाऊन जन्म-मृत्यू नोंदवही आणि महसुली कागद काढा, बारावीची वाट पाहू नका.

शिष्यवृत्तीचेही तसेच. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची उत्पन्न मर्यादा अडीच लाख रुपये. आई घरकाम आणि बाप सुरक्षारक्षक असे दोघे कमावणारे घर मुंबईत ही मर्यादा सहज ओलांडते आणि तरीही महिनाअखेर उधारीवर असते. वसतिगृह न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजनेत मुंबईत वर्षाला ६० हजार मिळतात, पण शहरातच घर असलेल्याला ती नाही, मग ते घर झोपडी असो की पुनर्विकासात रिकामे करायला लागलेले. रमाबाई आंबेडकर नगरातली काही कुटुंबे भाड्याच्या खोल्या शोधत लांब गेली, तेव्हा मुलांचे कॉलेज मागे राहिले आणि संध्याकाळची अभ्यासिकाही.

आता ताजा निर्णय. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की सेवेची पाच वर्षांहून अधिक राहिलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे, अन्यथा सेवा संपेल. पाचपेक्षा कमी राहिलेल्यांना सूट, पण बढती नाही. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे गेला. आपल्या वस्त्यांतल्या पन्नाशीच्या आसपासच्या गुरुजी-बाईंची झोप यामुळे उडाली आहे. यांतले बरेच जण घरातले पहिले शिकलेले, आणि तेच आजवर मुलांना मोफत शिकवत आले. आता रविवारी अभ्यासिकेत तेच विद्यार्थी होऊन बसतात, बाल मानसशास्त्र आणि परिसर अभ्यास पाठ करतात, आणि त्यांना गणित समजावून सांगते ती वर सांगितलेली ‘पानी’ म्हणणारी मुलगी. तिची स्वतःची टीईटी झाली आहे, ‘पवित्र’ची यादी लागायची आहे.

मुलुंड-घाटकोपर पट्ट्यातल्या काही मंडळांनी मिळून एक पत्र तयार केले आहे. विद्यापीठ आणि महाविद्यालयांनी दरवर्षी प्रवेश, गळती, उत्तीर्णता, अंतर्गत गुण आणि वर्ग यांचे प्रवर्गनिहाय आकडे संकेतस्थळावर टाकावेत, बी.एड. महाविद्यालयांनी पाठाच्या गुणांचेही. उच्च शिक्षण सर्वेक्षणात बौद्धांचा वेगळा रकाना असावा. जी संस्था देणार नाही तिच्याकडे माहिती अधिकारात अर्ज करायचे, दहा रुपयांचा स्टॅम्प लावून. अर्ज लिहायला वेळ देऊ शकणारी पदवीधर मुले हवी आहेत. आणि यंदाच्या सत्काराच्या यादीत आम्ही नावापुढे दोन रकाने वाढवले आहेत, तीन वर्षांनंतरच्या तारखेचे. ते अजून कोरे आहेत.